दाजींनी ओढलेला पट्टा

आमच्या दाजींइतका संशयी माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल. पण त्यांचा संशय माणसांवर नव्हे, पट्ट्यांवर असे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहराबाहेर हेलिकॉप्टर दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कंपनीत ते आसनांचे पट्टे तपासायचे, कमरेचे आणि खांद्यांवरून येणारे. नव्वदच्या दशकात गाडीतला पट्टा म्हणजे अडगळ, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. दाजी मात्र घोटीच्या जीपमध्ये बसल्याबसल्या ड्रायव्हरच्या पट्ट्याची शिवण बोटांनी चाचपत आणि नाशकातल्या द्वारका चौकात उतरेपर्यंत त्याला उपदेश करत. माझी गाडी उन्हात दिसली की घरून ताडपत्री आणून टाकत. "उन्हानं नुसता रंग जात नाही, धागा मरतो," ते म्हणत, "आणि मेलेला धागा वरून दिसत नाही." मी एकदा हौसेने पट्टे ब्लीचिंग पावडरने धुतले, तर नवे बसवेपर्यंत हा गृहस्थ माझ्या गाडीमागून सायकलने येत राहिला.

त्यांच्या आईने जन्मभर मळ्यात गुलाब पिकवले. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की हातातलं खुरपं टाकून त्या वर बघत राहत. "मरायच्या आधी एकदा मला त्यात बसव रं," एवढंच त्यांचं मुलाकडे मागणं. एका वर्षी कंपनीने कामगारांच्या घरच्यांना फेरी मारून आणायचं ठरवलं. म्हातारी साऱ्या गल्लीला सांगून, नवी नऊवारी नेसून, पायलटसाठी गुलाब घेऊन आली. तिला बसवलं, पट्टे बांधले. दाजींनी सवयीने खांद्याचा पट्टा जोरात ओढला. झटका बसला की तो जागीच अडकायला हवा. तो सरसर सुटत आला. शेजारच्या आसनाचाही तसाच. दाजींनी हेलिकॉप्टरच थांबवलं.

"दहा मिनिटांची तर फेरी आहे, अलगद नेतो," पायलट म्हणाला.

"आपटायला तेवढी पुरतात, साहेब. आई, उतर."

म्हातारीने पट्टा दोन्ही हातांनी गच्च धरला. "तुझ्या बापानं मला कधी कशाला नाय म्हटलं नाय. तू कोण रं?"

शेवटी ताईने समजावून खाली घेतलं. त्या रागाने कितीतरी दिवस म्हातारीने मुलाच्या हातचं पाणीही घेतलं नाही. कंपनीने पुन्हा तसा कार्यक्रम ठेवला नाही.

पण गल्ली विचारणारच. एकदा मी तिथे असताना शेजारणीने विचारलं आणि म्हातारी बेधडक म्हणाली, "बसले की! वरनं गोदामाई वाळत घातलेल्या लुगड्यावानी दिसती." मग हळूच दाजींकडे पाहिलं. एक सैल टाका खपवून न घेणारा हा माणूस. मला वाटलं, आता पंचाईत होणार.

"हो," दाजी म्हणाले, "तशीच दिसते."

तिच्या दहाव्याला तीच शेजारीण म्हणाली, "नशिबाची बाई. आभाळातनं मळा बघून गेली." मी दाजींकडे बघायचं टाळलं.

"लय खूश होती," ते म्हणाले. "खाली उतरायलाच तयार नव्हती."

तेवढं मात्र अगदी खरं होतं.