ओळ भरेना म्हणून

खिळेमामांना गावातल्या सगळ्या प्रार्थना पाठ होत्या, पण उलट्या. छापखान्यात हाताने अक्षरं जुळवणाऱ्याला प्रत्येक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, डोक्यावर उभा दिसतो, आणि मामांनी हे काम चाळीस वर्षं केलं. “लोक देवाला तोंडावरून ओळखतात, मी पायांकडून ओळखतो,” असं ते म्हणायचे. खिळे जुळवायचे म्हणून खिळेमामा. खरं नाव मालकांच्या हजेरीपुस्तकात होतं, तेवढंच.

छापखाना दोन आळ्यांच्या मधोमध होता. वरच्या आळीचं एक प्रार्थनाघर, खालच्या आळीचं दुसरं, आणि दोन्हींच्या मधे एकच भिंत. देव एकच, पुस्तकंही जवळजवळ एकच. पणजोबांच्या काळात कशावरून तरी बिनसलं आणि घरं वेगळी झाली. कशावरून, ते नक्की कोणालाच सांगता येत नसे, त्यामुळे त्यावर वाद घालायला सगळेच मोकळे होते. मामा वरच्या आळीचे. पण प्रार्थनेच्या पुस्तिका दोन्ही घरांच्या इथेच छापल्या जात, आणि दोन्ही मामांच्याच हातून जात.

आणि दोन्ही तपासायचे ते मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, खालच्या आळीचे. खिडकीपाशी त्यांचं टेबल, टेबलावर लाल पेन्सिल, आणि कानाच्या मागे दुसरी लाल पेन्सिल, पहिली हरवली तर. शाई आणि रॉकेलचा वास, पायाने चालवायच्या यंत्राची खडखड, दुपारचा चहा, आणि मधेच मास्तरांचा आवाज: “मामा, तुमच्या देवाचा एक काना पडलाय.” मामा म्हणायचे, “तुमच्याच घरात जाऊन बसला असेल, बघा.” पुढे म्हातारपणी मामांना छापखान्याची आठवण यायची ती अशी, वासासकट.

मामांची धाकटी मुलगी नऊ वर्षांची असताना तापाने गेली. सहा दिवसांचा ताप. मामींनी रडून घेतलं. मामा रडले नाहीत, त्यांनी प्रार्थनाघरात जाणं सोडलं. सुट्टीच्या सकाळी सगळी आळी तिकडे निघाली की मामा ओट्यावर पाठ फिरवून बसत. आळीतले वडीलधारे समजवायला येऊन गेले. देवाची इच्छा, वगैरे. मामांनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

मास्तर समजवायला आले नाहीत. तीनेक महिन्यांनी खालच्या आळीची पुस्तिका पुन्हा छापायला आली. प्रूफ तपासताना एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेलं बघायचं अशी पद्धत होती. नेहमीचा वाचणारा हजर असताना मास्तरांनी मामांना हाक मारली. “जरा वाचता का? त्याचा घसा बसलाय.” घसा बसलेला माणूस कोपऱ्यात बसून शीळ घालत होता. मामा वाचू लागले. नवव्या पानावर गेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना होती. ‘जे आमच्या आधी घरी पोचले त्यांच्यासाठी दार उघडं ठेव’ एवढं वाचलं आणि मामांचा आवाज फुटला. ते हमसून हमसून रडले, यंत्रं चालू असताना, सगळ्यांच्या देखत. मास्तर प्रूफावरून नजर न उचलता बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “‘घरी’ नंतर स्वल्पविराम आहे का हो?”

मामांनी डोळे पुसले. “नाही.”

“मग पुढे चला.”

त्या आठवड्यात मामा आपल्या प्रार्थनाघरात गेले. मामींनी विचारलं, “काय झालं?” मामा म्हणाले, “काही नाही. ती तिथे आहे असं म्हणायला एक जागा पाहिजे. घरात म्हणवत नाही.” त्यानंतर त्यांनी एकही आठवडा चुकवला नाही. मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसत. तिथे तासभर त्यांना पोरगी जवळ असल्यासारखी वाटे, आणि तेवढ्यावर पुढचे सहा दिवस निघत.

अशी बारा वर्षं गेली. मग दोन प्रार्थनाघरांमधली ती भिंत एका पावसाळ्यात कोसळली. खालच्यांनी ती पुन्हा बांधायला घेतली आणि वरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे हातभर पुढे सरकवली. खालच्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाया जिथे होता तिथेच होती. हातभर जागा. तिच्यावर धड एक बाकही मावला नसता. पण महिनाभरात लोक वेगवेगळ्या दुकानांतून सामान आणू लागले, आणि लहानपणापासून एकत्र पोहलेली माणसं एकमेकांना बघून रस्ता बदलू लागली.

एका सकाळी वरच्या आळीच्या समितीचा चिटणीस छापखान्यात आला. पत्रक छापायचं होतं. मालक बाहेरगावी होते. मास्तर अजून यायचे होते. चिटणीस मामांना म्हणाला, “मामा, आज भिंत सरकली, उद्या दार सरकेल. मग आपण कुठे जायचं?”

खरं म्हणजे हातभर जागेचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. पण खांबाआडची ती जागा गेली तर पोर दुसऱ्यांदा जाईल, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी मजकूर हातात घेतला आणि खिळे उचलायला लागले.

शेवटचं वाक्य चौकटीत घ्यायचं होतं: ‘शेजाऱ्यांनी आपली मर्यादा ओळखावी.’ दुसरी ओळ अर्धीच भरत होती, चौकट बोडकी दिसत होती. मामांना अर्धी ओळ कधीच बघवत नसे. ते म्हणाले, “इथे अजून पाच शब्द बसतील. ‘नाहीतर आम्ही ती दाखवून देऊ.’ चालेल?”

चिटणीसाने ओठांवर घोळवून बघितलं. “वा, मामा. हे आम्हाला सुचलं नसतं.”

त्या आठवड्यात प्रार्थनाघरात मामांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं गेलं. कोणीतरी पाठीवर थाप मारली. मामांना बरं वाटलं. हे त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही. “मला फार बरं वाटलं होतं,” असंच सांगायचे.

ते पत्रक मास्तरांकडे तपासायला गेलं नव्हतं. इतक्या वर्षांत न तपासता बाहेर गेलेला तो पहिला कागद. मास्तरांनी तो रस्त्यावरच्या खांबावर चिकटवलेला बघितला. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले, खांबावरून सोडवलेलं पत्रक मामांच्या समोर ठेवलं. त्यावर लाल पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या. “दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय,” एवढंच म्हणाले आणि टेबलाशी जाऊन बसले. मामांना त्या दिवशी मान वर करता आली नाही.

पुढे दोनच दिवसांनी भर दुपारी दगडफेक झाली. आधी कोणी केली यावर अजूनही दोन मतं आहेत. वरच्या आळीची पोरं खाली धावली ती ‘मर्यादा दाखवून देऊ’ असं ओरडत धावली. मामा छापखान्याच्या दारात उभे होते. आपलेच शब्द, आपणच जुळवलेले, दुसऱ्यांच्या तोंडून त्यांनी ऐकले. दार बंद करून ते आत फरशीवर बसून राहिले. संध्याकाळी कळलं की खालच्या आळीतली सहा घरं जळली आणि मास्तरांच्या डाव्या डोळ्यावर दगड बसला. डोळा गेला.

मामा इस्पितळात दोनदा जाऊन दारातूनच परत आले. तिसऱ्यांदा मामींनी बजावलं, “आज आत जाणार नसाल तर घरीही येऊ नका.” मग ते आत गेले. मास्तरांच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. मामा खाटेशी उभे राहिले.

“मास्तर, ते शेवटचे पाच शब्द माझे होते.”

“ठाऊक आहे. ओळ भरेना म्हणून घातलेत ना?”

मामांनी मान डोलावली.

“चिटणीसाला चौकट भरता येत नाही. शाळेत माझ्या हाताखाली होता तो.”

“मला माफ करा.”

मास्तर म्हणाले, “आज जमणार नाही. उद्या विचारा.”

मामा दुसऱ्या दिवशी गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही गेले. “आज?” “आज नको.” असे सतरा दिवस. मधल्या वेळात मामा त्यांना दूध गरम करून देत, उशी बदलत, मास्तरांच्या बायकोला नातलगांकडे सोडून येत. मास्तर कधी बोलत, कधी तोंड भिंतीकडे करून पडून राहत.

त्याच दिवसांत वरच्या प्रार्थनाघरात सभा भरली. जखमी आपल्याकडेही झाले होते, दुसरं पत्रक काढायचं ठरत होतं. मामा पहिल्या रांगेतून उठले. त्यांना भाषण येत नव्हतं. म्हणाले, “पहिल्यातलं शेवटचं वाक्य माझं होतं. त्याने एका माणसाचा डोळा गेला. तो माणूस माझ्या पोरीसाठी माझ्याबरोबर बसला होता, तुम्ही नव्हता. दुसरं पत्रक मी जुळवणार नाही.” कोणीतरी म्हणालं, “मामा, बसा खाली.” मामा बसले, पण जाऊन खांबाआडच्या बाकावर बसले. पत्रक समितीने शेजारच्या गावातून छापून आणलं. ते फारसं कोणी वाचलं नाही. तोवर परीक्षा आल्या होत्या, आणि पोरांच्या आया पोरांना घराबाहेर सोडत नव्हत्या. सहा महिन्यांनी सरकारी मोजणीदार आला. भिंत होती तिथेच निघाली.

मास्तरांचं घर त्या आगीत राहण्याजोगं उरलं नव्हतं. ते मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. मामा त्यांना पोचवायला बस थांब्यावर गेले, ट्रंक टपावर चढवली. “मास्तर, आज विचारू का?”

“विचारू नका. पत्र लिहा,” मास्तर म्हणाले.

मामांनी लिहिलं. अकरा वर्षं लिहिलं. ज्या माणसाने लाखो शब्द जुळवले त्याला स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहायला आठवडा लागे. उत्तरं यायची, वाकड्या ओळींची, एका डोळ्याने लिहिलेली. तब्येत, नातवंडं, मुलीचा आणि जावयाचा अबोला. माफीचा विषय दोघांपैकी कोणीच पुन्हा काढला नाही.

मग एक पत्र मास्तरांच्या मुलीच्या अक्षरात आलं.

मामांनी ते मामींना वाचून दाखवलं, कोट घातला आणि बाहेर पडले. भिंतीला वळसा घालून ते खालच्या आळीच्या प्रार्थनाघरात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. दाराशी बसलेल्या राखणदाराने त्यांना ओळखलं, उठला नाही.

“मास्तर गेले,” मामा म्हणाले. “त्यांचं नाव आज घ्याल का?”

“तुम्ही त्यांचे कोण?”

“आम्ही एकत्र काम करायचो,” मामा म्हणाले.

राखणदाराने त्यांच्याकडे नीट बघितलं, मग वहीत नाव लिहिलं आणि बाजूला सरकून वाट दिली. मामा सगळी प्रार्थना संपेपर्यंत बसले. मास्तरांचं नाव घेतलं गेलं तेव्हा बाकीच्यांबरोबर उठून उभे राहिले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने त्यांना आपली पुस्तिका पुढे केली, दोघांनी मिळून बघितली.

घरी पोचायच्या आत बातमी वरच्या आळीत पोचली होती. दोघांनी मामांशी बोलणं सोडलं, ते आधीही फारसं बोलत नव्हते. संध्याकाळी चिटणीस आला. आता त्याचेही केस पिकले होते, गुडघे धरले होते. ओट्यावर बसून तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली आणून विचारलं, “मामा, आत कसं असतं हो?”

“आपल्यासारखंच,” मामा म्हणाले. “पंखे मात्र त्यांचे चांगले आहेत.”

चिटणीस हसला नाही. त्याने विचारलं, “पुन्हा कधी जाणार?”

“चाळिसाव्या दिवशी. तेव्हा गेलेल्याचं नाव पुन्हा घेतात.”

“मला सांगाल का? मास्तरांनी मला तीन वर्षं शिकवलंय.”

मामांनी त्याच्याकडे बघितलं आणि आत हाक दिली, “अगं, दोन कप चहा टाक.”