आंघोळीच्या स्टुलाचे बूट

सासूबाई आंघोळीच्या स्टुलावरून घसरल्या, त्या दिवसापासून घरातली शांतता मला सहन होईना. पनवेलच्या बाजारात जन्मभर मासे विकलेली बाई. त्यांच्या आवाजामुळे आमच्याकडे आज काय शिजतंय ते शेजारच्या बिल्डिंगला कळायचं. हाड मोडलं नाही, पण आता आंघोळ मी घालायची, तीही दार उघडं ठेवून. त्या भिंतीकडे तोंड करून पाहुण्यासारख्या गप्प बसायच्या. एकदाही माझ्यावर ओरडल्या नाहीत. मला त्याचीच भीती वाटायला लागली.

दोष स्टुलाचा होता. गोल पाइपच्या पायांखालचे प्लॅस्टिकचे बूट फाटले होते आणि उघडं लोखंड ओल्या लादीवर सरकत होतं. मी पडले शिवणकामवाली. टेपने पायाचा घेर मोजला, सवयीने ब्लाउजला धरतात तसं थोडं लूजिंग, म्हणजे सैल माप धरलं आणि नवे बूट आणले. पहिल्याच पाण्यात ते निघून मोरीच्या जाळीवर जाऊन बसले.

"आई, स्टूलच नेते दुकानात," मी वैतागून म्हटलं.

"नाय! बाजारात सगली मला वलखतात. माजं न्हाणीतलं स्टूल तितं मिरवतेस काय?"

एवढं बोलून पुन्हा गप्प. मग मी ताटलीत कुंकू भिजवलं, स्टुलाचा पाय त्यात टेकवला आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागे ठसा उठवला. एरवी यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या.

दुकानदाराने ठशाच्या बाहेरच्या कडेवर एकेक बूट धरून पाहिला. ज्याच्या तोंडाची आतली कडा ठशाच्या कडेला अगदी भिडली, त्या मापाचे चार मला दिले.

"सहज चढणार नाही हा," तो म्हणाला.

गरम पाण्यात मऊ करून, दातओठ खात मी चारही बूट चढवले. ओढून पाहिले, हलेनात. ओल्या लादीवर स्टूल ठेवून त्यावर स्वतः बसले आणि चांगलं डुलून घेतलं.

सासूबाई आत गेल्या. आतून कडी लागली. पाणी पडल्याचा आवाज आला तरी मी दाराशीच उभी.

"गेलीस का नाय अजून? बांगडा करपतोय, नाक हाय का नाय तुला? आनि देवाचं कुंकू स्टुलाला लावतात काय गो?"

मला रडूच फुटलं. तव्यावरचा बांगडा पार काळा झाला होता.