वाकळेच्या पोटातली भाकर

बचत गटांच्या बायकांचा माल प्रदर्शनात मांडण्याआधी तपासायचं काम माझं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची मला मुळातच हौस, त्यात गळ्यात ओळखपत्र! हिंगोलीच्या प्रदर्शनात साखरा गावच्या एका मावशींनी हातानं शिवलेल्या तीन वाकळा आणल्या होत्या. एकीच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी टणक लागलं.

"मावशी, हे काय?"

"भाकरीचा तुकडा हाय, ताई. वाकळ उपाशी शिवू न्हाई. पांघरणाऱ्याला मंग काई कमी पडत न्हाई."

"आणि मुंग्या लागल्या म्हणजे? गिऱ्हाईक शिव्या मला घालील."

मीच कात्री घेतली. तिन्ही वाकळांचे कोपरे उसवले, तुकडे फेकले आणि वर टाके घालून दिले.

तासाभरात पहिली वाकळ गेली. घेणाऱ्या बाईंचा नातू महिनाभराचा होता, त्याच्यासाठी घेतली. मी ऐटीत मावशींकडे पाहिलं. त्यांनी उरलेल्या दोन पिशवीत भरल्या आणि गावाची गाडी धरली.

त्यांनी शिवणंच सोडलं. गुडघे धरलेले, तरी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागल्या. गटाच्या प्रत्येक बैठकीत मला एकच विचारायच्या, "त्या बाईला सांगितलं का, ताई? कोपऱ्यात तुकडा घालून घ्या म्हणावं. तान्हं लेकरू हाय."

मला त्या बाईंचं ना नाव माहीत, ना गाव. शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "हो, केला फोन. घातला त्यांनी तुकडा." वेळ मारून नेली. मावशींनी तिथंच हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी सुई हाती घेतली म्हणे.

यंदा त्या पाच वाकळा घेऊन आल्या. मी कोपरे चाचपलेसुद्धा नाहीत. संध्याकाळपर्यंत चार विकल्या गेल्या. मावशींना पुन्हा शिवतं केलं म्हणून आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगितलं तर मावशी पुन्हा सुई टाकतील, असं मी स्वतःला बजावते. तेही अर्धंच खरं. माझी हिंमत होत नाही.

निघताना मावशींनी पाचवी वाकळ माझ्या हातात दिली.

"ही इकायची न्हाई. त्या लेकराला द्या. आता चालाया लागलं असंल, पयली आखूड पडत असंल. बराबर पोचवा, ताई."

"पोचवते," मी म्हणाले. वाकळ माझ्या कपाटात आहे.