दोन्ही मापं बरोबर होती

माझ्या मुलीला संशोधन झेपलं नाही म्हणून तिने ते सोडलं, असं नातेवाइकांत आजही बोललं जातं. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. ते खोटं आहे. ती थांबली ती माझ्या एका शब्दामुळे.

ओझरला मी तीस वर्षं विमानांचे सुटे भाग मोजून पास-नापास करत होतो. मुलगी एम.एस्सी. करून घरी आली तेव्हा तिला पीएच.डी.ची जागा मिळाली होती. विषय होता विश्वाच्या प्रसरणाचा वेग. तिने मला समजावलं : सर्वांत जुन्या प्रकाशावरून हिशेब केला तर आकडा सदुसष्टच्या आसपास येतो, जवळच्या ताऱ्यांवरून मोजलं तर त्र्याहत्तर. दोन्हीकडच्यांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय. मधल्या काळात एखाद्या अदृश्य ऊर्जेने काही बदल घडवला असेल. किंवा कुठेतरी साधी चूकच असेल, आणि मग तिची पाच-सहा वर्षं पाण्यात.

"विश्व तुमच्याकडे तपासायला आलं असतं, तर तुम्ही लाल शिक्काच मारला असता," ती हसली. मग म्हणाली, "बाबा, खरं सांगा. दोन्ही मापं बरोबर आणि तरी वेगळी, असं कधी पाहिलंय?"

पाहिलं होतं. मशीनवरून नुकताच उतरलेला गरम भाग एकाने मोजला, तोच थंड झाल्यावर दुसऱ्याने. दोघांचं जोरात भांडण. दोघेही बरोबर होते. मधल्या वेळात भागच आकसला होता. तो निवाडा मीच केला होता.

"कधीच नाही," मी म्हणालो. "कुणाची तरी चूकच असते."

तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मुलगीही पीएच.डी.ला निघून गेली असती तर मी घरात एकटा उरलो असतो. एवढंच कारण.

तिने जागा नाकारली, बँकेत लागली. कोडं अजून सुटलेलं नाही. त्याची बातमी आली की ती पेपरचं पान उलटते.

गेल्या महिन्यात ती मेथी निवडत होती, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी फक्त तुम्हालाच विचारलं होतं, बाबा. कॉलेजातल्या सरांनाही नाही."

तिने भाजी केली, मला वाढली. तेव्हापासून ती मला काही विचारत नाही. एरवी मिक्सर बिघडला तरी आधी मला दाखवायची. परवा गिझर बंद पडला, तर तिने परस्पर द्वारका चौकातून मिस्त्री बोलावला. मी पक्कड घेऊन बाथरूमच्या दाराशी गेलो.

"तुम्ही बसा, बाबा," ती म्हणाली.