भोजलीचे दात

आमच्या डॉक्टरीणबाई सगळ्या तालुक्याची नावं तोंडपाठ घेतात, एक नाव सोडून. दुकलहीन साहू हे नाव त्यांच्या तोंडून कधी निघत नाही, कारण दुकलहीन त्यांची भोजली, म्हणजे विधीने मानलेली जिवाभावाची मैत्रीण आहे. लहानपणी श्रावणात परडीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब या दोघींनी खपरीच्या तळ्याकाठी एकमेकींच्या कानावर खोवले, आणि तेव्हापासून नाव घेणं बंद झालं. भेटल्यावर "सीताराम भोजली" म्हणायचं आणि सुखात, दुःखात बरोबरीने उभं राहायचं. पुढे एक दातांची डॉक्टर झाली, दुसरी धानाच्या चिखलात वाकून रोपं लावत राहिली, पण भोजली ती भोजलीच. दुकलहीन पहिल्यांदा आमच्या तपासणीच्या खोलीत आली तेव्हा बाई मला म्हणाल्या, "सिस्टर, यांचं नाव तुम्हीच विचारून लिहा." इतकं शिकून हे काय खूळ, असं मनात म्हणत मी लिहिलं.

मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. आमच्या हॉस्पिटलात कुणालाही विचारा, सांगतील. पण खेमीन निषाद या आमच्या डॉक्टरीणबाईपुढे माझं तोंड चालत नाही, आणि चाललं तरी शेवटी तिच्याच बाजूने चालतं.

बाईंची आई गावोगाव मुरमुरे विकायची. चाळिशी ओलांडायच्या आत त्या माउलीचे सगळे दात गेले. रोज भट्टीवर टोपलीभर मुरमुरे भाजायचे आणि स्वतः खायचे तर पाण्यात भिजवून. बाई हे कधी डोळ्यात पाणी आणून सांगत नाहीत. एखादा माणूस "उपटून टाका एकदाचा" म्हणून हटून बसला की तेवढ्यापुरतं सांगतात. "दात काढणं सोपं आहे हो काका. पण मुरमुरे भिजवून खायची तयारी आहे का, ते आधी घरी विचारून या."

आणि प्रश्न तरी किती विचारावेत माणसाने. दाढ दुखते म्हणून आलेल्याला त्या विचारणार, साखर आहे का, छातीत धडधडतं का, सुनेला दिवस गेलेत का, तिच्या हिरड्यांतून रक्त येतं का. एक म्हातारा चिडून म्हणाला, "बाई, मी दाढ दाखवायला आलोय, सोयरीक जमवायला नाही."

"तोंड काय धडापासून वेगळं करून आणलंत?" बाई म्हणाल्या. "सांगा मुकाट्याने."

त्या म्हाताऱ्याच्या हृदयाची झडप बदललेली निघाली. बाईंनी त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून आधी गोळी दिली, मगच दाढेला हात लावला. तशीच ओढली असती तर तोंडातली घाण रक्तावाटे झडपेवर जाऊन बसू शकली असती. म्हातारा आता येतो तो बाईंसाठी वाडीतली केळी घेऊन, आणि येताच स्वतःहून सगळ्या अंगाची हकिकत सांगायला बसतो. ऐकायला मी असतेच.

आता गुडाखूचं सांगते. तंबाखू आणि गूळ मळून केलेला हा काळा लगदा आमच्याकडे घरोघरी डबीत असतो. बायका पहाटे तळ्यावर जातात, घाटावर उकिडव्या बसतात आणि बोटाने तो दातांवर, हिरड्यांवर फिरवत साऱ्या गावाची खबरबात घेतात. दाढ ठणकली की गुडाखू, पोट साफ झालं नाही की गुडाखू, सासू टोचून बोलली तरी गुडाखू. लावला की हिरडी बधिर होते, ठणका थांबतो, आणि बायका खुशाल म्हणतात की औषध लागू पडलं. आत हिरडी सडत असते, पण सांगायला जीभ कुठे असते तिला.

दुकलहीन बाईंकडे आली ती दातांसाठी नव्हेच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तांदळाच्या पिठाचा चिला उलटताना हात तव्यावर पडून भाजलेला, तांदळातले खडे निवडायचे बंद झालेले, उंबरठा पायाने चाचपून ओलांडायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. साखर उतरत नाही आणि तोंडात पू आहे, अशात डोळ्याला हात लावला तर होता तो डोळाही जाईल, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्याआधी साखर उतरली तर बघू, म्हणाले.

"गोळ्या रोज घेते गं भोजली," दुकलहीन म्हणाली. "भातही कमी केला. सकाळची पाण्यातल्या शिळ्या भाताची बासीसुद्धा अर्धीच खाते. तरी साखर उतरत नाही, मी काय करू?"

बाईंनी तिचा ओठ वर केला आणि हिरडी बोटाने दाबली. पू आला. चार दात हलत होते.

"हे बघ भोजली," मग त्या म्हणाल्या. "साखर वाढली की हिरड्या सडतात, आणि हिरड्या सडल्या की साखर उतरू देत नाहीत. भांडकुदळ नवराबायकोसारखं आहे हे, एक गप्प बसला तरच दुसरा बसेल. तू नुसत्या साखरेची समजूत घालत बसलीस."

"मग आता?"

"दातांवरचा दगड मी खरवडून काढते. दोन दात जाणार, बाकीचे वाचवू. मऊ ब्रशने सकाळी आणि रात्री जेवल्यावर दात घासायचे, भांडी घासल्यासारखे नाही, हलक्या हाताने. साखरेच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. आणि गुडाखू बंद."

"बाकी सगळं करीन," दुकलहीन म्हणाली.

दात साफ झाले, दोन निघाले, आणि पुढच्या खेपेला दुकलहीन आली ती पुन्हा काळं तोंड घेऊन. ब्रश केला की रक्त येतं, गुडाखू लावला की येत नाही, मग चांगलं काय ते तूच सांग, असा तिचा सवाल. बाईंनी समजावलं की रक्त म्हणजे सुजलेल्या हिरडीची हाक आहे, गुडाखू तिचं तोंड दाबतो एवढंच, घासत राहिलीस तर थोड्या दिवसांत रक्त आपोआप थांबेल. दुकलहीनने मान डोलावली. अशा मान डोलवण्याला मी चांगली ओळखते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई मला घेऊन खपरीच्या तळ्यावर गेल्या. घाटावर पाचसहा बायका बसल्या होत्या, मधोमध दुकलहीन, हातात डबी. बाई तिच्या शेजारी ओल्या पायरीवर जाऊन टेकल्या.

"सीताराम भोजली."

दुकलहीन दचकली, पण मागे हटणारी नव्हे. "सीताराम. ओरडायला आलीस ना? ओरड. डॉक्टर झालीस तेव्हापासून माझ्या हातचं घेतलंयस काय तू? नुसतं दे दे देत असतेस. कधी माझ्या डबीला बोट लावलंस?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "लावेल कशी, हिचे दात मोत्याचे."

"दे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, डबी घेऊन तळ्यात फेकणार. बाईंनी भरपूर गुडाखू बोटावर घेतला आणि खालच्या, वरच्या हिरड्यांवर नीट फिरवला. "भोजली म्हणजे सुखदुःखात बरोबरी," त्या म्हणाल्या. "आजपासून तू जितका लावशील तितका मी लावीन. तुझे गेले तर माझेही जाऊ देत."

जन्मात तंबाखूला न शिवलेली बाई. थोड्या वेळात चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला आणि घाटाच्या कडेला जाऊन त्या भडाभडा ओकल्या. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि शिव्याही देत होते, दोघींना. दुसऱ्या पहाटे बाई पुन्हा हजर. पुन्हा बोट, पुन्हा ओकारी. हॉस्पिटलभर बोभाटा झाला की दातांची डॉक्टर तळ्यावर गुडाखू घासते. पेशंट माझ्याकडे बघून डोळे मिचकावू लागले. मी बाईंना म्हटलं, "बाई, उद्या गुडाखू सोडा म्हणून सांगाल तर लोक तोंडावर हसतील. पंधरा वर्षांची पुण्याई पाण्यात चाललीय. आणि हे विष आहे, हे तुम्हीच सांगत आलात ना?"

"विषच आहे, सिस्टर," त्या म्हणाल्या. "पण तिचे डोळे गेले तर पुण्याई घेऊन मी काय चाटू?"

बाई अशाच आहेत. चुकल्या असतील, पण असं चुकायला काळीज लागतं, ते माझ्याकडे नाही.

दुकलहीन हट्टाने लावतच होती. पण बाई ओकायला उठल्या की तिचा हात थांबायचा आणि ती आवाजाच्या दिशेने कान लावून बसायची. दिसत तर काही नव्हतंच. एका पहाटे बाई तशाच कडेला वाकल्या असताना तिने माझं मनगट पकडलं आणि हळूच विचारलं, "सिस्टर, खरं सांग. हिचे दात काळे पडले का गं?"

बाईंचे दात तसेच्या तसे होते. घरी जाऊन त्या पहिलं काम दात घासायचं करत. मी म्हटलं, "पडले. पुढचे दोन हलायलाही लागलेत. आईच्या वळणावर जाणार बहुतेक." मी खोटं बोलले आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

दुकलहीनने डबीचं झाकण लावलं, दोनदा चाचपून घट्ट बसवलं, आणि ती पाण्यात सोडून दिली. मग बायकांना म्हणाली, "आता माझ्यासमोर कुणी डबी उघडली तर बघा."

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, घरच्यांवर वसवस करायची. बाईंनी तिला बडीशेप चघळायला दिली आणि रोज रात्री तिच्या दारात उभं राहून ब्रश करून घेतला. आधी रक्त येत राहिलं, मग कमी झालं, मग थांबलं. पू गेला. साखरेच्या डॉक्टरांनी गोळ्याही थोड्या बदलल्या, आणि मृग लागायच्या आत साखर एवढी उतरली की डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. श्रेय कुणाचं, गोळ्यांचं की हिरड्यांचं, असं मी विचारलं. "भांडण मिटलं ना, मग कोण आधी गप्प बसलं ते कशाला विचारता?" बाई म्हणाल्या.

डोळ्यावरची पट्टी सुटली त्या सकाळी आम्ही दोघी वॉर्डात होतो. दुकलहीनने आधी खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या भाजलेल्या हाताकडे. मला वाटलं, आता ही नवऱ्याला हाक मारेल, तो दारातच उभा होता. पण ती म्हणाली, "भोजली, इकडे ये. उजेडात. तोंड उघड."

बाई वाकल्या. दुकलहीनने अंगठ्याने त्यांचा वरचा ओठ उचलला, मग खालचा ओढला. एकेक दात बोटाने हलवून पाहिला, गालफडात वाकून आतलेही पाहिले. कितीतरी वेळ तिचं चाललं होतं.

"काळे नाहीत," ती म्हणाली. "हलतही नाहीत." मग माझ्याकडे पाहून, "खोटारडी."

मग ती पुन्हा बाईंकडे वळली. "ऑपरेशनची भीती नव्हती गं मला. डोळे आले आणि माझ्यापायी गेलेले तुझे दात पहिले दिसले, तर काय करू, याची भीती होती."

अंगठा अजून ओठाखालीच होता. सगळ्या तालुक्याला समजावून सांगणाऱ्या आमच्या बाई, तोंड उघडं, डोळे वाहताहेत, आणि त्यांना एक अक्षर बोलता येत नव्हतं.