कॉफीतली अर्धी गोळी

माझ्या शेजारणीबद्दल, दोब्रिलाबद्दल सांगायचं तर आधी माझीच लाज सांगावी लागते, म्हणून इतके दिवस टाळलं.

लेस्कोवाच शहरातल्या आमच्या इमारतीत शेजारणी वाटीभर साखर मागावी तशी झोपेची गोळी मागतात. कापडगिरणी बंद पडली तेव्हा दोब्रिला त्रेचाळीस वर्षांची होती. गिरणीत तिच्याबरोबर मागावर असलेल्या एका मैत्रिणीने तिला पहिली गोळी दिली आणि पुढे चौदा वर्षं ती घेतच राहिली. गेल्या साली नातवाला सांभाळताना भरदुपारी तिचा डोळा लागला आणि पोरगं पेटत्या शेगडीपाशी पोचलं. सून बिल्याना तोंडाची फटकळ.

"आई, गोळ्या सुटल्याशिवाय पोराला हात लावायचा नाही."

त्या एका वाक्यापायी दोब्रिला डॉक्टरीणबाईंकडे गेली. एकदम सोडलीस तर जिवावर बेतेल, असं त्यांनी बजावलं. जुन्या गोळीच्या जागी अंगातून सावकाश उतरणारी दुसरी दिली, आणि तीही दर दोन आठवड्यांनी जराशी कमी करायची. दोब्रिला दाढीच्या पात्याने तुकडे करायची. तुकडा उडायचा, मग आम्ही दोघी गालिच्यावर रांगत तो शोधायचो.

"देवापुढे कधी एवढी वाकले नाही गं, झागोर्का," ती म्हणायची.

"वाकली असतीस तर ही वेळ आली नसती," मी म्हणायचे.

अख्खा हिवाळा असा गेला. घाम, कानात घूं घूं, विनाकारण रडू. मार्चमध्ये सलग तीन रात्री तिला झोप नाही. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, डोळे खोल गेलेले, बोलायचंही त्राण नाही. मला बघवेना. कॉफी उकळताना मी पाठमोरी झाले आणि माझ्या झोपेच्या गोळ्यांच्या पाकिटातली अर्धी गोळी तिच्या कपात विरघळवली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही, चौथ्याही. आमच्याकडे याला माया म्हणतात.

दोब्रिला गाढ झोपली. हरखून डॉक्टरीणबाईंना सांगून आली. त्यांनी गोळीचं माप ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच आणखी कमी करून टाकलं. ते ऐकून मी घाबरले आणि कॉफीतली गोळी गुपचूप बंद केली. म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडून तिच्या पायाखालची जमीन काढली. त्यानंतर पाचव्या दिवशी बेकरीच्या रांगेत तिला आकडीचा झटका आला. जीभ चावली गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं आणि दोब्रिलाची गोळी पुन्हा वाढवली. पार सुरुवातीच्या, नोव्हेंबरातल्या मापावर. तिला सांगायचं काम मात्र माझ्यावरच टाकलं.

मी तिच्या खाटेशी बसून सांगितलं. ती ओरडेल, शिव्या घालेल, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"त्या चार रात्री मला वाटलं, मीच झोपले," ती म्हणाली. "माझी मी. बिल्यानाला फोन करून सांगितलंसुद्धा. रविवारी पोराला आणते म्हणाली. आता तिला काय सांगू?"

रविवारी बिल्याना एकटीच आली.