वन्संना चढायला लावलेला गड

भूगोल शिकवणाऱ्या बाईने परदेश पाहिलेला नसावा, यात तशी लाजण्यासारखी गोष्ट काही नाही. मला मात्र वाटायची. तलासरीच्या शाळेत मी अठरा वर्षं नकाशे टांगत होते, आणि माझी स्वतःची धाव दक्षिणेला गोवा आणि वर माउंट अबू, संपलं! म्हणून २०१८च्या पावसाळ्यात गणिताच्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत मुलाला भेटायला चीनला चाललेय, येता का कोणी?" तेव्हा सगळ्यांत आधी माझा हात वर गेला. वर्गातल्या पोरींसारखा.

त्यांचा मुलगा कुनमिंगला डॉक्टरकी शिकत होता. तिथून आगगाडीने लीजियांग नावाचं जुनं गाव गाठायचं, चार दिवस राहायचं आणि परत. आठशे वर्षांचं गाव, समुद्रसपाटीपासून चोवीसशे मीटर उंच, मागे बर्फाचा डोंगर. आम्ही तिघी बाया ठरलो. चौथीची जागा रिकामी होती, कारण खोल्या दोघींच्या मिळणार होत्या.

घरी डहाणूला येऊन मी मोबाइलवर फोटो दाखवले. ह्यांनी दोन पाहिले आणि पेपर उघडला. वन्संनी मात्र चष्मा पुसून एकेक फोटो मोठा करून पाहिला. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर तीन वर्षांतच नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या, त्या कायमच्याच. माझी दोन्ही मुलं त्यांनी वाढवली. मी सकाळी तलासरीची जीप पकडायची तेव्हा माझा डबा भरलेला असायचा आणि संध्याकाळी यायची तेव्हा मुलं जेवून गृहपाठाला बसलेली असायची. मी बी.एड. केलं, सुपरवायझर झाले, ते सगळं त्यांच्या जिवावर. हे मी भाषणात सांगतेसुद्धा. भाषणात सांगायला काय लागतं?

एका फोटोवर त्या थांबल्या. एकाच झऱ्याची ओळीने तीन कुंडं. पहिल्यातलं पाणी प्यायचं, दुसऱ्यात भाजी धुवायची, तिसऱ्यात कपडे. "अगं बाई, काय हुशार माणसं! ना भांडण, ना तंटा. आपल्याकडे एका नळावर चौघींच्या झिंज्या," त्या म्हणाल्या. आणि मग, फोटोवरून नजर न काढता, "मी येऊ का गं? पासपोर्ट आहे माझा."

पासपोर्ट होता खरा. कधीतरी दुबईला जायचं म्हणून आम्हा तिघांचे काढलेले, दुबई राहिली. वन्सं कधीच शिर्डीच्या पुढे कुठे गेल्या नव्हत्या. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं.

मला त्या नको होत्या. खोटं कशाला लिहू? वन्सं मोठ्याने बोलतात, अर्धं मराठी अर्धं गुजराती, अनोळखी माणसाला सुनेचं बाळंतपण विचारतात. बसमध्ये डबा उघडून सगळ्यांना थेपले वाटतात. मला स्टाफरूममधल्या बायांसमोर त्यांची लाज वाटायची. शिवाय मला चार दिवस कुणाची भावजय नसायचं होतं. पण तोंडावर नाही म्हणायची हिंमत कुठे? मी म्हटलं, "उंची फार आहे हो वन्सं. हवा विरळ. तुम्हाला झेपेल का?"

"झेपेल की! न झेपायला काय झालं?"

आणि इथे मी अक्कल लढवली. म्हटलं, "असं करू. महालक्ष्मीचा गड चढून बघा. न थांबता वर पोचलात, तर समजू की झेपतंय."

नववीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढते: उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो. आमचा विवळवेढ्याचा गड तो केवढा! त्यावर हवा विरळबिरळ काही होत नाही, हे मला झोपेतही ठाऊक. गड चढण्याचा आणि लीजियांगचा काडीचा संबंध नव्हता. पण वन्संचे गुडघे मला ठाऊक होते. वजन ठाऊक होतं. अर्ध्यावर बसतील, आपण होऊन नको म्हणतील आणि मी वाईट ठरणार नाही, असा माझा हिशेब.

हे जेवताना हसले. "अगं, गरोदर बाईला गड चढवेना म्हणून आई स्वतः पायथ्याशी येऊन बसली, अशी त्या देवळाची गोष्ट. आणि तू ताईला वर धाडतेस?" वन्संच माझ्या बाजूने बोलल्या. "तू गप रे. शिकलेली आहे ती, तिला कळतं."

दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे समुद्रावर चालायला लागल्या. रात्रीचा भात सोडला. गुडघ्याला पट्टा बांधून घराच्या जिन्यावर वर-खाली करायच्या, तोंडाने मोजत. मी पाहत होते. एकदाही म्हटलं नाही की वन्सं, राहू द्या.

गणपती गेल्यावर एका रविवारी आम्ही दोघी गेलो. पायथ्याच्या देवीला हात जोडून वन्संनी चपला तिथेच काढल्या. मी पुढे निघाले, मुद्दाम झपाझप. माझ्यामागे येताना त्यांची दमछाक व्हावी म्हणून. एका वळणावर मागे पाहिलं तर त्या कठड्याला धरून उभ्या. मला बरं वाटलं. देवाच्या वाटेवर मला बरं वाटलं! तेवढ्यात त्यांनी हात हलवला, "तू हो पुढे, मी आले," आणि पुन्हा एक पाऊल टाकलं.

मी वर अर्धा तास वाट पाहिली. त्या आल्या तेव्हा तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, टाचेला रक्त. मला वाटलं आता देवीपुढे जातील. पण त्या आधी माझ्यापाशी आल्या. बोलता येईना, छाती भात्यासारखी चालत होती. जरा दम घेऊन म्हणाल्या, "पास ना गं मी?"

मी म्हटलं, "बघू. डॉक्टर काय म्हणतात त्यावर आहे."

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्याच म्हणाल्या, "हो, ते पण बरोबर."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला. रिपोर्ट घ्यायला मी एकटी गेले. ते म्हणाले, "काय होतंय बेनना? बीपीची गोळी चालू ठेवायची, पहिल्या दिवशी आराम, पाणी भरपूर. बर्फाच्या डोंगरावर केबलकारने जाऊ नका, एवढंच. बाकी खुशाल न्या." दाखला लिहून दिला. तो मी पर्समध्ये घडी करून ठेवला आणि घरी येऊन सांगितलं, "नाही म्हणाले. हृदयाला ताण येईल म्हणाले."

वन्सं तांदूळ निवडत होत्या. "असं म्हणाले? बरं," म्हणाल्या आणि सूप पुढे ओढलं. संध्याकाळी मी गणिताच्या बाईंना फोन करून सांगितलं की आमच्या नणंदबाईंना बिचाऱ्यांना झेपणार नाही. बिचाऱ्या म्हटलं मी.

पंधरा दिवसांनी आमच्या व्हिसाचे कागद एजंटकडे गेले. त्याच आठवड्यात एका दुपारी शाळेतून आले तर वन्संनी माझ्या प्रवासाच्या पदार्थांची यादी मांडली होती. खाकरे किती, मेतकूट किती, लोणचं तेल गळणार नाही असं कशात बांधायचं. मी म्हटलं, "कशाला एवढं करता वन्सं?" त्यावर खाली बघूनच त्या म्हणाल्या, "गोळ्या आणायला गेले होते सोमवारी. डॉक्टर विचारत होते, बेन, चीनची तयारी झाली का?"

माझी पर्स खांद्यावर होती, दाखला अजून त्यातच. मला वाटलं, ओरडतील, रडतील, भावाला सांगतील. चांगलं झालं असतं. पण सोमवारपासून चार दिवस त्या गप्प होत्या. चारही दिवस माझा डबा भरलेला होता.

"मी नको होते, तर नको म्हणायचंस," त्या म्हणाल्या. "मी काय हट्ट धरणार होते? गड कशाला चढायला लावलास?"

मी म्हटलं, "चुकलं माझं. अजून वेळ आहे, उद्याच एजंटकडे जाऊ. चला तुम्ही." आणि ते मी मनापासून म्हटलं, निदान तेव्हा तसं वाटलं.

वन्संनी पहिल्यांदा वर पाहिलं. रागाने नाही. "आता नको गं. आता मी आले तर चारही दिवस तू माझी उठबस करत बसशील. ते तुला झेपायचं नाही."

मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. त्यांनी नाही म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायलाच हवं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी निघाले. वन्संनी ओवाळून हातावर दही ठेवलं, आणि मी गेले.